उपोषणाचा अशक्तपणा

शकुन, ये अशी, जवळ बस. फोनवर मला नीट बोलता येत नाही. मी इथे लेकीच्या घरी, ती बाजूला बसलेली असते आणि तू नुसतं "हो अक्का, हो अक्का" करून फोन ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. काल तू सांगत होतीस, पगार परत थकले, सोमवारपासून पुन्हा साखळी उपोषण, आणि पहिल्या दिवशी सफाईच्या पाच बायकांत तुझं नाव. आणि बोलता बोलता मध्येच म्हणालीस, "आठवडा झाला जबडा दुखतोय, झाडू मारायला लागलं की पाठीत भरून येतं, दाढ असेल." दाढ! अगं बाई, माझी काय गत झाली ती तू डोळ्यांनी पाहिलीस. माझं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. तरी दाढ म्हणतेस? तुला बोलू नको तर काय करू?

हे तुझ्या नावानं लिहिलंय, पण एकटीनं वाचू नकोस. चटईवर बसणाऱ्या बठ्ठ्या, सगळ्या बायांना मोठ्यानं वाचून दाखव. आपल्या गावाचं, पालिकेचं, दवाखान्यांचं नाव मी लिहिलेलं नाही. मला कुणावर ठपका ठेवायचा नाही. मला फक्त भीती वाटतेय, आणि ती तुमच्यापर्यंत पोचवायची आहे.

कळलं तो क्षण आधी सांगते. ग्रामीण रुग्णालयातली लोखंडी कॉट, हाताला सलाईन, उशाशी स्टुलावर माझा उपोषणाचा झेंडूचा हार. संध्याकाळी डॉक्टर बदलले. नवीन आलेल्या डॉक्टर बाई पोरसवदा होत्या. त्यांनी माझ्या छातीला, हातापायांना चिमटे आणि वायरी लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. ह्याला ईसीजी म्हणतात. हृदय चालताना आत जी वीज फिरते तिची नक्षी त्या कागदावर उमटते. दुखत नाही, शॉक बसत नाही, चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. बाईंनी ती पट्टी दोन्ही हातांत ताणून धरली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आजी," त्या म्हणाल्या, "हा उपोषणाचा अशक्तपणा नाही. तुम्हाला हार्ट अॅटॅक आलाय. दुपारीच आलाय."

मी हाराकडे बघत राहिले. फुलं अजून ताजी होती. मला एकच गोष्ट सुचली, की दुपारपासून आत्तापर्यंत मी कधीही मेले असते आणि गावात सगळ्यांनी म्हटलं असतं, उपोषणात गेली बिचारी.

आता दुपारचं सांगते. तू होतीस, पण माझ्या आत काय चाललं होतं ते तुला कुठून दिसणार?

मागच्या वर्षी तुमचे पगार अडकले तशी आम्हा पेन्शनवाल्यांची पेन्शनही अडकली होती. मी आयुष्यभर गटारं काढली, रस्ते झाडले, रिटायर झाले, आणि पेन्शनच्या ठिकाणी पालिकेचं उत्तर यायचं, अनुदान आलं की देऊ. खोटं बोलत होते असं नाही. मुख्याधिकारी साहेब स्वतः पेंडॉलात येऊन उभे राहिले होते, आठवतं? "अक्का, लोक घरपट्टी भरत नाहीत. होतं ते पाणीपुरवठ्याच्या वीजबिलात गेलं. मोटारी बंद पडल्या तर गाव मला जाळेल. मी पगार कुठून काढू?" त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आपले युनियनचे नाना म्हणाले, "साहेब, मोटारीला वीज लागते तशी माणसाला भाकर लागते." दोघंही खरं बोलत होते, आणि मध्ये भरडत होतो आपण.

पेन्शन येत नव्हती तेव्हा मी एक शहाणपणा केला. बीपीची आणि शुगरची गोळी अडकित्त्यानं अर्धी करायला लागले. अर्धी आज, अर्धी उद्या. मनात म्हटलं, अगदी बंद तर केली नाही ना. तुम्हीही करता हे मला ठाऊक आहे. मान खाली घालू नका, पुढचं ऐका.

त्यात उपोषणाचा दिवस. उपाशीपोटी गोळी घेऊ नये असं आपल्यात म्हणतात, म्हणून त्या सकाळी अर्धीही घेतली नाही. तुमचं काम बंद होतंच. दहाला आपल्याला हार घातले, पाचजणी चटईवर बसलो. आपल्या साखळीचा नेम सगळ्यांना माहीत आहे. एकदा चटईवर बसलं की दुसऱ्या दिवशीच्या बायकांनी लिंबूपाणी पाजेपर्यंत उठायचं नाही. उठली तर साखळी तुटली. समोर पालिकेच्या खिडकीतून माणसं बघत असतात. सगळ्या नगरपालिकेला सांगत सुटतील, यांच्यात दम नाही.

उन्हं चढली तशी खालच्या जबड्यात कळ यायला लागली. कानापर्यंत जायची, परत यायची. मग डाव्या खांद्यामागे पाठीत कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. छातीत दुखत नव्हतं, हे नीट ऐका. छातीत काहीच नव्हतं. मला वाटलं उपाशी असल्यानं पित्त चढलंय. मग घाम सुटला. मे महिन्यात घाम येतोच, पण हा गार होता. लुगड्याचा पदर भिजला आणि मला थंडी वाजत होती.

तू विचारलंस, "काय व्हयनं व अक्का?"

मी म्हटलं, "काही नही. बस तू."

का म्हटलं तसं? कारण मी उठले असते तर साखळी माझ्यामुळे तुटली असती. मग मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तुझ्या मांडीवर कलंडले.

पुढे काय झालं ते आता हसू येईल असं आहे, तेव्हा नव्हतं. सगळ्यांना वाटलं उपोषणानं प्रकृती खालावली. घोषणा वाढल्या. "कोण म्हणतो देणार नाही!" आणि माझ्या कानाशी तू ओरडत होतीस, "घेतल्याशिवाय राहणार नाही!" एका हातानं मला वारा घालत होतीस आणि दुसऱ्या हाताची मूठ वर. नानांनी मोबाईल काढला. म्हणाले, "अक्का, एक मिनिट डोळे मिटा." मी मिटले! उद्या पेपरात येईल, साहेबांवर दबाव येईल, म्हणून मी हार्ट अॅटॅकमध्ये पोज दिली, शकुन.

रुग्णालयात पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" सोबत आलेले सगळे एकदम बोलले, "उपोषणाला बसल्या होत्या!" मग त्यांनी तरी काय समजावं? केसपेपरवर तेच लिहिलं, सलाईन लावलं. मीही बोलले नाही. जबडा दुखतोय हे सांगितलं नाही. अशक्तपणाचं निमित्त संपाला बरं होतं, मलाही बरं वाटत होतं. संध्याकाळच्या बाईंनी जर विचारलं नसतं की "सलाईन संपत आलं, तरी आजींना घाम का येतोय," तर हे लिहायला मी नसते.

बाईंनी गोळ्या चावून खायला दिल्या, एक जिभेखाली ठेवली, दंडाला इंजेक्शन. म्हणाल्या, "इथे यापुढचं काही होत नाही. धुळ्याला हलवायला हवं, आत्ताच."

अँब्युलन्समधली भीती मला सांगता येत नाही, पण प्रयत्न करते. छताला एक पांढरा दिवा होता. मला वाटायचं, मी डोळे मिटले की तो विझेल. म्हणून मी पापणी हलवत नव्हते. सोबतच्या ब्रदरला सारखी विचारत होते, "पारोळा गेलं का?" ते म्हणत, "यायचंय आजी." मग, "गेलं आजी, पडून राहा." पारोळा गेलं म्हणजे मी अजून आहे, एवढाच हिशेब. खड्ड्यात गाडी उसळली की वाटे, हाच तो, आता बंद पडणार. ह्या रस्त्यानं मी कितीदा लेकीकडे गेले असेन, एसटीत डुलक्या घेत. त्या दिवशी तो रस्ता संपता संपेना.

धुळ्याच्या दवाखान्याच्या दारात माझी लेक मनीषा उभी होती. तिच्या पायात दोन वेगळ्या चपला. ते बघून मी जास्त घाबरले.

आयसीयूत घातलं. म्हणजे अति जपायच्या पेशंटचा वॉर्ड, जिथे प्रत्येकाच्या डोक्याशी एक यंत्र टिकटिक करतं. रक्त घेतलं, ट्रॉपोनिन तपासायला. हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात एक पदार्थ वाढतो, तो बघतात. तो वाढलेला निघाला. डॉक्टर साहेब स्वतः येऊन बसले.

"आजी, काय काम करायच्या?"

"नगरपालिकेत होते. गटार विभाग."

"मग तुम्हाला लवकर समजेल. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या असतात. त्यातली एक तुंबलीय. उद्या सकाळी हातातून बारीक तार घालून बघू, त्याला अँजिओग्राफी म्हणतात. अडथळा सापडला की फुग्यानं तो दाबायचा आणि जाळीची छोटी नळी बसवायची, तिला स्टेंट म्हणतात. रेशनकार्डावर सरकारी योजनेत होतंय, खर्चाची काळजी नको."

त्यांनी धीर द्यायला सांगितलं, पण मला तर तुंबलेलं गटार जन्मभर माहीत. ते वरून शांत दिसतं. आणि कुठून फुटेल ते कुणाला सांगता येत नाही. मनीषानं संमतीच्या कागदावर सही केली, ती सही तिची वाटतच नव्हती.

सकाळ झाली. मला हिरवा गाऊन घातला, बांगड्या काढल्या, उपाशी ठेवलं. पुन्हा उपाशी! डॉक्टर वरच्या मजल्यावर तयार होते. आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

"कोण म्हणतो देणार नाही!"

मला वाटलं मी भ्रमात आहे, अजून पेंडॉलातच आहे. सिस्टर दाराशी आल्या. "कंत्राटी वॉर्डबॉय, आया सगळे काम बंद करून खाली बसलेत. पगार नाहीत त्यांचे. स्ट्रेचर न्यायला माणूस बघतेय, थांबा जरा."

शकुन, मी कोण? हयात युनियनमध्ये गेलेली बाई. पण त्या घडीला मी त्या माणसांना मनातल्या मनात जे जे बोलले ते तुला सांगायची सोय नाही. मला वाटलं, माझी नळी तुंबलीय आणि तुम्हाला पगाराचं सुचतंय? आणि लगेच आठवलं, आदल्याच आठवड्यात हेच वाक्य आपल्या गल्लीतल्या मास्तरीणबाई मला बोलल्या होत्या. "माझ्या घरात लहान पोर आहे, दारात कचरा सडतोय आणि तुम्हाला पगाराचं सुचतंय?" मी त्यांना काय उत्तर दिलं होतं ते आठवेना. यंत्राची टिकटिक वाढली, सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या.

मग एक बाई आली. निळा कोट, दंडाला काळी फीत, खाली बसल्यामुळे मागे धूळ लागलेली. स्ट्रेचरचा ब्रेक पायानं सोडत म्हणाली, "घाबरू नको माय, मी शे ना. इमर्जन्सीले चारजणी ठेवेल शेत आम्ही. तुले सोडून परत खाली जासू."

तिचं नाव वंदना. लिफ्टमध्ये मी विचारलं, "पगार नही का?"

"दिवाळीपासून नही, अक्का. ठेकेदार म्हणतो वरून आला नाही, वरचे म्हणतात ठेकेदाराला दिला." मग माझ्याकडे बघून, "तू कोठली?"

"मी उपोषणावरूनच आले. थेट."

ती एवढी हसली की लिफ्टमधले डॉक्टर वळून बघायला लागले. "मंग तर तू आमनीच!"

दार उघडलं तशी तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. तिच्या हाताला फिनाईलचा वास होता, आपल्या हातांना असायचा तसा. आत मला एकटीला नेलं.

आत खूप गार होतं. मला वाटलं होतं भूल देतील, पण माणूस जागाच असतो. मनगटाशी फक्त बधिर करतात. शेजारच्या पडद्यावर माझं हृदय दिसत होतं, काळ्या मुळ्यांसारखं काहीतरी, हलत होतं. एक मुळी मध्येच संपली होती. डॉक्टर म्हणाले, "ही बघा, बंद आहे." मी बघितलं नाही. मी छताकडे बघून मनीषाच्या लहानपणीचं काहीतरी आठवायला गेले, तेही आठवेना. तोंडात नुसती घोषणा फिरत होती, अर्धीच, पुढची ओळ सापडत नव्हती. मग डॉक्टर म्हणाले, "आता बघा." ती मुळी खालपर्यंत काळी भरत गेली. पाठीवरचा पाटा कुणीतरी उचलला. तेव्हा मला रडू आलं, आणि रडू नका म्हणून सगळे ओरडले, कारण हात हलत होता.

नंतर मला वॉर्डात आणलं, तरी त्यांचा संप चालूच होता. कॉटशेजारची बादली भरून वाहत होती, कापसाचे बोळे, सुया, उष्टं. मी जन्मभर दुसऱ्यांचा कचरा उचलला, पण न उचललेल्या कचऱ्याशेजारी असं लाचार होऊन कधी झोपले नव्हते. त्या बायकांचा राग येईना आणि त्या बादलीची भीती जाईना. मनीषा झाडू मागायला गेली तर सिस्टर म्हणाल्या, नातेवाइकांनी हात लावायचा नाही. मी रात्री त्या बादलीकडे पाठ करून झोपायची. त्यांचा पगार आणि माझी भीती, दोन्ही एकदम खरं असतं, हे मला चटईवर बसून कधी कळलं नसतं.

नाना भेटायला आले तेव्हा केळी घेऊन आले. पिशवी स्टुलावर ठेवत म्हणाले, "अक्का, मी फोटो काढत बसलो."

"मी पण डोळे मिटले ना, नाना." मग मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. आपला संप असला तरी दवाखान्याच्या गल्लीतला कचरा उचलायचा. आणि चटईवर बसायच्या आधी प्रत्येक बाईचं बीपी, शुगर आणि ईसीजी. कुणी उठली तर दुसरी बसेल, साखळी चालूच धरायची. नाना हो म्हणाले. पण आपली माणसं कशी आहेत ते मला माहीत आहे. तू काल तपासणीचं विचारल्यावर विषय बदललास.

पेन्शन पुढे आली, तुकड्यातुकड्यानं. वंदनाचा पगार आला की नाही, कळलं नाही. तपासणीला जाते तेव्हा तिला शोधते, ती आता तिथे दिसत नाही.

मी बरी आहे. सकाळ-संध्याकाळ इथे धुळ्यात देवपूरच्या मैदानावर फिरते, गोळी अख्खी घेते. संध्याकाळच्या त्या डॉक्टर बाईंना लेकीच्या हातून साडी पाठवली, त्यांनी परत पाठवली आणि चिठ्ठीत लिहिलं, गोळी चुकवू नका. पण भीती गेली असं समजू नकोस. उन्हात घाम आला तरी मी आधी जबडा चाचपते. आणि काल तुझा फोन ठेवल्यापासून माझा हात सारखा जबड्याकडे जातोय, दुखणं तुझं असून.

डॉक्टर साहेबांनी मला जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं सांगते. "बायकांना, त्यातून शुगर असलेल्यांना, छातीत दुखेलच असं नाही. जबडा, पाठ, खांदा, गार घाम, मळमळ, नुसता थकवा. काम करताना दुखतं आणि बसल्यावर थांबतं, तर ती धोक्याची सूचना." तू झाडू मारताना म्हणालीस, शकुन. बसल्यावर थांबतं का, हे मी विचारायच्या आत तू फोन ठेवलास.

तर आता असं कर. हे वाचून झालं की आजच्या आज ग्रामीण रुग्णालयात जा, एकटी नको, कुणाला तरी सोबत ने. उपोषणाचं नाव काढू नकोस. फक्त सांग, जबडा दुखतो, पाठीत भरून येतं, ईसीजी काढा. काही निघालं तर ते सांगतील तसं, लगेच. काही निघालं नाही तरी धुळ्याला ये, मी माझ्या डॉक्टरांना दाखवते. आणि मध्येच गार घाम सुटला तर माझी, नानांची, कुणाची वाट बघू नकोस, सरळ अँब्युलन्स बोलाव.

सोमवारच्या चटईची काळजी करू नकोस. तिथे पाचवी मी बसेन. डॉक्टरांनी मला उपास करू नको सांगितलंय, बसू नको असं सांगितलेलं नाही. भाकरी खाऊन, गोळी घेऊन, हार घालून बसेन. खिडकीतून कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मनीषा तुझ्यासाठी भरीत करणार आहे, मीठ जरा कमी असेल, तक्रार करायची नाही. त्या दिवशी माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तुझं माझ्या मांडीवर यावं असं मला वाटत नाही. लवकर ये गं.